बेजान वस्तूंच्या तस्वीरी

आमच्या दादीच्या एकूण चार तस्वीरी आहेत आणि चारही कागदपत्रांवर आहेत. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक. चारही ठिकाणी तिचा चेहरा असा आहे, की कोणीतरी दम देऊन बसवले आहे आणि ती दम धरून बसली आहे. लग्नाकार्यात कॅमेरा दिसला की तिचा पदर नाकापर्यंत यायचा. एखाद्या नातवाने फारच हट्ट धरला तर म्हणायची, "नक्को निकालो रे मेरी तस्वीर. कल हश्र में पूछेंगे, इसमें जान डाल, तो कौन डालेगा? तेरा बाप?" नातवाचा बाप, म्हणजे तिचाच मुलगा, शेजारी बसलेला असायचा. तोही हसायचा.

आम्ही सोलापुरात एका उर्दू शाळेत शिकवतो. आम्ही म्हणजे एकट्याच. घरात स्वतःला 'हम' म्हणायची सवय, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा पाहू नये. बी.एड. केले तेव्हा पाठ घेताना 'शैक्षणिक साधने' नावाचा एक रकाना भरावा लागायचा. त्यात तक्ता, नकाशा, प्रत्यक्ष वस्तू असे लिहायचे. प्रत्यक्ष वस्तू आम्ही नेहमी घरातूनच न्यायचो. वाटी, चमचा, कंदील. वस्तू टेबलावर ठेवली की वर्ग काही क्षण गप्प होतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. का होतो, त्याचा विचार मात्र फार पुढे केला.

आपल्या समाजात तस्वीर या विषयावर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा निर्वाळा दिला, की कॅमेऱ्याने काढलेले चित्र ही निर्मिती नाही, ते सावली धरून ठेवणे आहे. आपल्याकडच्या कितीतरी उलेमांना ते पटले नाही. दादीलाही पटले नसते, तिला कोणी सांगितलेही नव्हते. पण एका बाबतीत दोन्ही बाजू एकत्र येतात. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढायला सांगितले, ही रिवायत सहीह बुखारीत आहे. म्हणजे लोटा, तवा, चिमटा यांची तस्वीर काढायला कोणाचीच हरकत नव्हती. नवल याचे वाटते, की ज्या गोष्टीची पूर्ण मोकळीक होती ती आपण कधी केलीच नाही. आपल्या भिंतींवर काबा असतो, मदीना असतो, आयतुल कुर्सी असते. तव्याची तस्वीर कोणाच्या घरात पाहिली आहे?

आम्हाला हा नाद लागला तो टाळेबंदीत. २०२० च्या जूनमध्ये शाळा मोबाईलवर भरू लागली. सहावीच्या वर्गात बेचाळीस मुले, त्यांतली पंधरा-सोळा हजर, आणि पडद्यावर पंधरा-सोळा काळे चौकोन. कॅमेरा कोणीच सुरू करत नसे. आम्ही रागावलो नाही, कारण कारण माहीत होते. एका खोलीच्या घरात मुलाच्या मागे काय दिसणार? आई लहान भावाला न्हाऊ घालते आहे, रात्रपाळी करून आलेला बाप झोपला आहे, दोरीवर सगळ्या घराचे कपडे. मुलांना आपले घर टीचरला आणि इतर मुलांना दाखवायचे नव्हते. पुस्तकात निबंध होता, 'मेरा घर'. तो त्या दिवसांत शिकवण्याचे धाडस झाले नाही. त्याऐवजी सांगितले, घरातली एकच वस्तू निवडा, तिचा फोटो पाठवा आणि तिच्यावर पाच वाक्ये लिहा.

पहिल्या खेपेला आले ते फोटो वस्तूंचे नव्हतेच. चहाच्या गाळणीमागे गॅस, गॅसमागे तेलाचा डबा, त्यामागे कॅलेंडर. मग सांगितले, वहीचा कोरा कागद किंवा धुतलेला दस्तरखान दारापाशी अंथरा, त्यावर ती वस्तू एकटी ठेवा, दिवा बंद करा, दारातून येईल तेवढाच उजेड घ्या. दुसऱ्या दिवशी जे आले ते पाहून आम्ही बराच वेळ मोबाईल हातातून खाली ठेवला नाही. काळा पडलेला चिमटा. कोपऱ्यात चेपलेला बापाचा डबा. कुलूप नसलेली किल्ली. एका मुलीने मागावरचा धोटा पाठवला होता, दोन्ही टोकांना टोकदार, मधे पोकळ, लाकूड हाताळून हाताळून तुकतुकीत झालेले. तिच्या पाच वाक्यांतले शेवटचे होते, की अब्बांचा कारखाना बंद आहे म्हणून हा घरी आहे, नाहीतर हा कधी घरी नसतो.

त्या पंधरा फोटोंत कोणाचे घर मोठे आणि कोणाचे लहान हे कळत नव्हते. आम्ही वर्गाला हे बोलून दाखवले नाही. मुलांनी ते आपणहून ओळखले असावे, कारण पुढच्या आठवड्यात फोटो पाठवणारी मुले सव्वीस झाली.

नंतर आम्ही याविषयी वाचू लागलो, तर कळले की हा प्रकार छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्याला एक चित्र घ्यायला इतका वेळ लागे, की माणसाने हलायचे नाही म्हणजे शिक्षाच. वस्तू हलत नाहीत. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या गृहस्थाने १८४४ ते १८४६ या काळात छायाचित्रांचे एक पुस्तक भागाभागांनी काढले. त्यात चोवीस चित्रे, प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवलेली. त्यांतल्या एका चित्रात चिनी मातीची भांडी मांडणीवर ओळीने लावलेली आहेत, दुसऱ्यात काचेची. टॅल्बटने त्याखाली गमतीने सुचवले आहे, की उद्या चोराने ही भांडी नेली तर न्यायालयात हे चित्र मुकी साक्ष म्हणून ठेवता येईल, आणि न्यायाधीश अशा साक्षीचे काय करील कोण जाणे. त्याच पुस्तकात एक उघडा दरवाजा आहे आणि त्याला टेकून ठेवलेला एक झाडू. बस, एवढेच. झाडणारा कोणी नाही. तरीही कोणीतरी आत्ताच झाडून आत गेले आहे आणि परत येणार आहे असे वाटते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो झाडू आम्हाला आमच्या ओळखीचा वाटला.

पुढे विसाव्या शतकात काही जणांनी यातून आणखी वगळत वगळत एकाच वस्तूपर्यंत मजल मारली. अमेरिकेच्या एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे चित्र काढले, 'मिरची क्रमांक ३०'. क्रमांकावरूनच कळते की तो किती मिरच्यांच्या मागे लागला होता. त्याच वेस्टनने त्याआधी, १९२५ साली मेक्सिकोत, शौचालयाच्या भांड्याचे चित्र मोठ्या आदराने काढले होते. हे आम्ही फुफीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "लोगाँ को काम नहीं है क्या?" चेकोस्लोव्हाकियाच्या योसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. एका हाताने तो अवजड कॅमेरा सांभाळायचा. नाझींनी प्राग ताब्यात घेतले त्या काळात तो आपल्या लहानशा कार्यशाळेच्या खिडकीची चित्रे काढत राहिला, दव धरलेल्या काचा, आणि पाण्याचा पेला, अंडे, पाव अशा वस्तू. टाळेबंदीत त्याची चित्रे पाहताना ती परक्या मुलखातली वाटत नव्हती.

पण या सगळ्यांत आम्हाला जवळचा वाटतो तो आंद्रे केर्तेस. बुडापेस्टला १८९४ मध्ये जन्मला, तरुणपणी पॅरिसला गेला. तिथे १९२८ साली त्याने एका काट्याचे चित्र घेतले. जेवणाचा साधा काटा, भांड्याच्या काठावर टेकलेला, आणि त्याची सावली. चित्रात दुसरे काही नाही. ते चित्र जगभर गाजले. सुंदरच आहे. पण आमच्या मनात घर केले ते त्याच्या म्हातारपणच्या चित्रांनी. १९७७ मध्ये न्यूयॉर्कला त्याची बायको एलिझाबेथ वारली. ऐंशी ओलांडलेला हा माणूस घरात एकटा राहिला. एका दुकानात त्याला काचेचा एक अर्धपुतळा दिसला, त्याची मान आणि खांदा एलिझाबेथसारखा वाटला म्हणून त्याने तो घरी आणला आणि खिडकीत ठेवला. मग पोलरॉइड कॅमेऱ्याने तो त्याचीच चित्रे काढू लागला. सकाळच्या उजेडात, संध्याकाळच्या उजेडात. त्या चित्रांचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. बायकोचे फोटो त्याच्याकडे तरुणपणापासूनचे होते. तरीही त्याला ती काचेत शोधावी लागली.

आमच्याकडे तर फोटो म्हणून चार कागदपत्रे होती.

दादी २०२२ च्या हिवाळ्यात अल्लाहला प्यारी झाली. वय नव्वदच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नव्हते. चाळिसावा झाला आणि घराचा विषय निघाला. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी, वर पत्रा. वाटेकरी चार, तीन भाऊ आणि फुफी. भांडण झाले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. हिस्से शरीयतप्रमाणे ठरले, गिऱ्हाईकही मिळाले. प्रश्न उरला तो सामानाचा. कोणाच्याही घरात जागा नव्हती. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची आणि पैसे वाटून घ्यायचे असे चाचांनी सुचवले, आणि त्यात चूक काही नव्हते. पितळेचे तुकडे करून तर वाटता येत नाहीत. मोडवाला सोमवारी येणार होता. आमच्या हाती शुक्रवार, शनिवार, रविवार होते.

आम्ही शाळेतून दोन पांढरे कार्डशीट, एक काळा कागद आणि चिकटपट्टी घेऊन गेलो. यातली कारागिरी अवघड नाही, पण सांगण्यासारखी आहे. पडवीला उत्तरेकडे एक खिडकी होती. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, उजेड मऊ आणि सारखा येतो. खिडकीशेजारी शिवणयंत्र सरकवले, त्यावर कार्डशीट असे ठेवले की अर्धे आडवे आणि अर्धे मागच्या भिंतीवर चढलेले, मधे घडी नाही, नुसता बाक. त्यामुळे मागे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते दिसत नाही, वस्तू जणू कशावरच नाही अशी उभी राहते. दुसरे कार्डशीट खिडकीच्या विरुद्ध बाजूला धरले की सावलीतला अंधार थोडा निवळतो. कधी तो निवळावा वाटतो, कधी नाही. मोबाईल फार जवळ न्यायचा नाही, नाहीतर लोट्याचे पोट सुटते. ट्यूबलाइट बंद.

दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद कोरी जागा करायला त्या घरात अर्धा दिवस गेला. खाट बाहेर, ट्रंक खाली, गोधड्या खाटेवर. आजकाल या प्रकाराला मिनिमलिस्ट म्हणतात. मोबाईलवर अशा तस्वीरींचा पूर आहे. राखी रंगाची भिंत, एक मातीचा कप, एक वाळलेली काडी. पाहायला बरे वाटते. पण त्या पाहताना आम्हाला नेहमी वाटते, की रिकामी जागा ही सगळ्यात महाग वस्तू आहे आणि ती या लोकांना फुकट मिळाली आहे. कमी असणे वेगळे आणि कमी ठेवणे वेगळे. दादीच्या घरात वस्तू कमी होत्या आणि तरीही पाय ठेवायला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी सगळे एकत्र मांडून पाहिले. पानदान, सरौता, तसबीह, चष्मा, सुरमादानी. ते लग्नातल्या आहेरासारखे दिसू लागले. मग एकेक काढत गेलो. चष्मा काढला, कारण चष्मा लगेच रडवतो. तसबीह काढली, कारण ती लगेच 'मुस्लिम' म्हणून ओरडते. यावर थोडे बोलायला हवे. वर्तमानपत्रात आपली तस्वीर येते ती ठरलेली असते. ईदच्या नमाजच्या रांगा, गळाभेट घेणारी दोन गोड मुले, किंवा पाठमोऱ्या बुरख्यांचा घोळका. त्यात खोटे काही नाही. पण वर्षाचे बाकीचे दिवस आपण तवा तापवतो, दूध उतू जाऊ नये म्हणून उभे राहतो, गाळणी आपटून चहापत्ती झाडतो, ते कोणाला दिसत नाही. तसबीह वाईट नव्हती. तिच्यासमोर बाकीच्या वस्तूंना बोलायला मिळत नव्हते.

उरला सरौता. पान खाणाऱ्या घरातल्या वाचकांना तो सांगायला नको. मराठीत अडकित्ता. पाते लोखंडाचे, दांड्या पितळेच्या. दादीचा उजवा अंगठा ज्या जागी टेकायचा तिथे पितळेत खळगा पडला होता, पाण्याचा थेंब राहील एवढा. दात गेल्यावर ती सुपारी कुटून खायची, पण कातरायची सरौत्यानेच, कारण कुटायच्या आधी कातरावी लागते असे तिचे मत होते. बाजूने उजेड घेतला तेव्हा त्या खळग्यात सावली साचली. समोरून घेतला की खळगा नाहीसा व्हायचा. म्हणजे तिचा अंगठा दिसायचा तर उजेड एका विशिष्ट बाजूनेच यायला हवा होता, आणि तो दुपारी तीनच्या सुमारास येत होता. आम्ही दोन दिवस तीन वाजता त्या खिडकीपाशी होतो.

पितळेच्या मोठ्या पातेल्यावर नाव होते. पूर्वी भांडे घेतले की दुकानदार छिन्नीने ठिपके ठोकून नाव घालून द्यायचा. दादीचे नाव, दादांचे नाव आणि १९६१. लिपी मराठी, कारण ठोकणारा मराठी. दादीला ना उर्दू वाचता येत होते ना मराठी. मोहल्ल्यातल्या लग्नात भांडी एकत्र व्हायची तेव्हा ती बोटांनी ठिपके चाचपून आपले पातेले ओळखायची. नावात एक अक्षर चुकलेले आहे. ते नाव इथे लिहीत नाही, तिला आवडले नसते. तस्वीरीतही आम्ही पातेले असे फिरवले, की फक्त साल दिसते आणि नावाची शेवटची दोन अक्षरे, 'बी'च्या आधीचे एक आणि 'बी'.

सगळ्यात त्रास दिला बधन्याने. वजूचा टोटीचा लोटा, पितळी, कलई उडालेला. फुफीने आदल्या दिवशी चिंच लावून तो असा घासला, की आरसा झाला. आता जिथून पाहावे तिथून त्याच्या पोटात खिडकी, पडवी, पत्रा आणि मधोमध आम्ही, हातात मोबाईल, डोके एवढेसे आणि हात केवढा. बेजान वस्तूची निर्दोष तस्वीर काढायला गेलो आणि त्यात एक जिवंत माणूस शिरून बसला. मोठे छायाचित्रकार यावर उपाय म्हणून काळे कापड धरतात. आमच्याकडे काळ्या कापडाची वाण नव्हती. खुंटीवरचा बुरखा काढला, दोन खुर्च्यांमधे ताणला, त्याच्या आड उभ्या राहिलो आणि दोन बटणांच्या मधून मोबाईलचे डोळे तेवढे बाहेर काढले. बधन्यात आता आम्ही नव्हतो. त्याच्या पोटावर एक उभी काळी पट्टी आली, आणि तिने भांड्याची गोलाई अशी उठून दिसली, की ती पट्टी आम्ही राहू दिली. चाचांचा धाकटा मुलगा दारात उभा राहून हे सगळे पाहत होता. त्याने आमचाच फोटो काढला, बुरख्यामागून पाय दिसतात तो. तो फोटो खानदानात फार फिरला.

सोमवारी मोडवाला आला. बधना सव्वा किलो भरला. पातेले चाचांनी शेवटच्या क्षणी बाजूला काढले, काही बोलले नाहीत. सरौता आम्ही मागून घेतला. लोखंड होते, वजनात कोणाला त्याचे फारसे काही वाटले नाही.

जपानच्या इशिउची मियाको या बाईंविषयी आम्ही त्यानंतर वाचले. त्यांची आई २००० साली वारली. मायलेकींचे फारसे जमत नव्हते. मागे राहिलेल्या वस्तूंचे काय करावे कळेना, टाकवेनात, म्हणून त्यांनी त्यांचे फोटो काढले. वापरलेली लिपस्टिक, आतले झिरझिरीत कपडे, बूट, कवळी, केस अडकलेला ब्रश. २००५ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात जपानतर्फे हीच चित्रे मांडली गेली. पुढे त्यांनी हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये मेलेल्यांच्या कपड्यांची चित्रे काढली, उजेडात धरलेली, फुलांच्या छपाईचे झगे. ते सगळे आम्हाला जमले नसते. आईचे आतले कपडे भिंतीवर लावणे आमच्या तबियतीत बसत नाही आणि बसावे असेही वाटत नाही. पण आईशी जमत नव्हते म्हणून तिच्या वस्तूंकडे इतक्या बारकाईने पाहिले, हे फार खरे वाटले. दादीचे आणि आमचेही सगळे बरे होते असे नाही. आम्ही बी.एड.ला गेलो तेव्हा ती सहा महिने बोलत नव्हती.

फ्रेंच भाषेत या चित्रांना मृत निसर्ग म्हणतात आणि इंग्रजीत स्थिर जीवन. एकाच वस्तूला एकाने मेलेली म्हटले, दुसऱ्याने जिवंत पण गप्प. या शब्दांची आठवण फुफीमुळे झाली.

तिन्ही तस्वीरी आम्ही मोठ्या करून घेतल्या, साध्या काळ्या चौकटीत बसवल्या. पातेल्याची चाचांना दिली, बधन्याची अब्बांनी ठेवली, सरौत्याची फुफीसाठी नेली. फुफी सत्तरीची आहे, तिच्या घरातही माणसाची तस्वीर नाही, कॅलेंडरवर कोणी असेल तर कागद चिकटवते. म्हणूनच तर सरौता निवडला होता. तिने चौकट हातात घेतली, चष्मा वर सरकवला, खळग्यावर बोट ठेवले. काच होती, बोट घसरले. मग तिने चौकट उलटी करून मांडीवर ठेवली.

"ये मैं नहीं लगाती."

"क्यों फुफी? इसमें कौन है? खाली सरौता है."

"खाली कहाँ है गे? अम्माच बैठे वैं इसमें."

आम्ही इब्ने अब्बास यांची रिवायत सांगितली. तिला ती माहीत होती, आमच्यापेक्षा नीट माहीत होती. ज्यात जीव नाही त्याची तस्वीर चालते हे तिला मान्य होते. तिचा मुद्दा असा होता, की हिच्यात आहे. यावर उर्दू शाळेतल्या बारा वर्षांच्या नोकरीत आम्ही जे काही वाचले होते त्यातले एकही वाक्य उपयोगी पडले नाही. दादी जन्मभर कॅमेऱ्यापासून पदर ओढत राहिली, आणि तिच्या मुलीच्या मते आम्ही तिला तीन वाजताच्या उजेडात पकडले होते. दादीला हे चालले असते का? फुफीला विचारले. ती म्हणाली, अम्मा चिडली असती, मग चार दिवसांनी कोणाला तरी म्हणाली असती, बघू दे रे काय काढलंय.

तिने तस्वीर परत केली नाही. ट्रंकेत दादीच्या शालीखाली पालथी ठेवली आणि वरून कुलूप लावले. ट्रंक उघडते का, कधी उघडते, हे विचारण्याची आमची हिंमत नाही. तिच्या सुनेने एकदा सांगितले, की शबे-बरातला ट्रंक उघडी होती.

परवा फुफीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "मेरा तवा देखी है ना तू? निकाह के बखत का है. बीच में से पतला हो गया. बहू नया लाने को बैठी है." आम्ही गप्प राहिलो. मग तीच म्हणाली, की निकालना है तो इतवार को आ, सकाळी नऊपर्यंत तिच्या चुलीकडच्या खिडकीतून चांगला उजेड येतो, तिने पाहून ठेवले आहे, आणि पांढरा कागद तेवढा येताना आण, इथे मिळायचा नाही.